घोडीवर दाबलेलं घड्याळ

बैलगाड्यांच्या घाटात बाईमाणसानं पाऊल ठेवू नये असं ज्या गावात म्हणायचे, त्याच गावची यात्रा कमिटी एका सकाळी माझ्या दारात चपला काढून उभी होती. सहा बाप्ये, सहा टोप्या, आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्याकडं ते सेकंदाचं घड्याळ हाय म्हनं. शाळेचं."

मी तेव्हा शाळेत पीटीची बाई होते. घड्याळ होतंच. म्हटलं, "घेऊन जा, यात्रा झाली की आणून द्या." तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घड्याळ नको होतं त्यांना, घड्याळ धरणारा हात हवा होता. गावात ज्याच्या हाती घड्याळ द्यावं त्याचा कुणीतरी मेव्हणा, साडू, चुलतभाऊ गाडामालक निघायचा. मागच्या वर्षी त्यावरून डोकी फुटली होती. मी सासर-माहेर दोन्हीकडून परतालुक्यातली. नोकरीपायी राजुरीत येऊन राहिलेली. "तुमची हितं भावकी न्हाई, दावणीला बैल न्हाई," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्यावानी निर्धोक मानूस आमच्यात एक बी न्हाई." आयुष्यात माझ्या एकटेपणाचं इतकं कौतुक दुसऱ्या कुणी केलेलं नाही. मी हो म्हटलं.

त्याला आता वीस-बावीस वर्षं होऊन गेली. मधली शर्यतबंदीची वर्षं सोडली तर जुन्नर-आंबेगावातल्या बऱ्याच घाटांत मी उन्हात उभी राहिले आहे. निवृत्त झाले तेव्हा शाळेचं काम सुटलं, घाटाचं सुटलं नाही.

आमच्याकडचा गाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. इथं दहा गाडे एकदम सुटत नाहीत. एका वेळी एकच. घाट म्हणजे खालून वर चढत जाणारी धावपट्टी. हलका लाकडी गाडा, त्याला चार बैल, पुढं एक जोडी, मागं एक जोडी. गाड्यावर माणूस नसतो. बैलांच्या पुढं एक घोडी पळते, घोडीवर स्वार. तिच्या मागं बैल जीव तोडून धावतात. खाली निशाण पडलं की वर घड्याळ सुरू. वर फक्कीची पांढरी रेघ मारलेली असते, पुढच्या जोडीनं ती ओलांडली की घड्याळ बंद. या एका धावेला बारी म्हणतात. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांची. सेकंदाचे शंभर भाग, त्यांना आमच्याकडे पॉइंट म्हणतात. सगळ्यांत कमी वेळात आलेला गाडा तो घाटाचा राजा.

वर्षभर बैलाला लेकरासारखं जपायचं, त्याच्या खुराकापायी घरच्यांशी भांडायचं, आणि सगळ्याचा निकाल बारा सेकंदांत. नवा माणूस म्हणतो, एवढंच? एवढंच हो. पण ते चार बैल खालून उठतात ना, पायाखालची जमीन हलते. पहिल्या दिवशी मी दोन पावलं मागं सरले होते. मी कबड्डी, खो-खो, लंगडी सगळं कोळून प्यायलेली बाई, पण असं काही पाहिलं नव्हतं. आजही निशाण पडलं की अंगावर काटा येतो.

घड्याळवाल्याला एकच पथ्य सांभाळायचं असतं, घोडी मोजायची नाही. घोडी बैलांच्या पुढं असते, ती रेघ आधी ओलांडते. नवशिक्याचा अंगठा हमखास तिच्यावर दाबला जातो. मी कितीतरी जणांना शिकवलं की, घोडी गेली तर जाऊ द्यायची, नजर बैलांच्या नाकावर ठेवायची.

भांडणं तर पाचवीला पुजलेली. एक पावणं दर यात्रेला मोबाइल घेऊन यायचे. आपल्या गाड्याचं शूटिंग आणि त्यातला सेकंदांचा आकडा माझ्या नाकासमोर नाचवायचे. त्यांच्या मोबाइलात त्यांचा गाडा कायम अर्धा सेकंद लवकर यायचा. एकदा मी त्यांना दुसऱ्याच्या गाड्याची वेळ घ्यायला लावली. ती अगदी माझ्याशी जुळली. "बघा पावणं," म्हटलं, "घड्याळ चांगलंय. बैल तुमचा असला की अंगठा घाई करतो." ते हसले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोबाइल घेऊन हजर! मी मात्र स्वतःवर खूश होते. माझा ना बैल, ना भाऊ, माझा अंगठा कशाला घाई करेल?

आणि मग सोनाली घाटात आली.

सोनाली माझी विद्यार्थिनी. आठवीत असताना शाळेच्या मैदानावर अनवाणी पळायची आणि बूट घातलेल्या पोरांना मागं टाकायची. बापानं घोडी पाळली होती, लग्नाच्या वरातीसाठी. ही पोरगी तीच घोडी घेऊन माळावर भरधाव सुटायची. बावीस वर्षांची झाली तेव्हा मला येऊन म्हणाली, "बाई, मला गाड्याम्होरं घोडी पळवायचीय." आता पोरी घोडी पळवतात, त्यांचे व्हिडिओ लाखो लोक बघतात, पण आपल्या गाड्यापुढं पोरीची घोडी घ्यायला मालक सहसा तयार होत नाही. दोन वर्षं ती दारोदार विचारत फिरली. बैल बुजतील, पोरगी पडली तर आमच्या डोक्यावर येईल, अशी शंभर कारणं.

शेवटी पिंपळवंडीचे सदूनाना तयार झाले. नाना म्हणजे बडी आसामी. गोठ्यात बैलांना पंखे. जिभेला हाड नाही, पण जिगरबाज. ते सोनालीला म्हणाले, "एक बारी देतो. राजा झाला तर ह्या घाटात पुन्ना तुला कोन न्हाई म्हननार न्हाई. मागं राह्यलीस तर मला त्वांड दाखवू नगंस."

त्या यात्रेत नानांचा पैरा होता गेनूबाबांशी. पैरा म्हणजे बैलांची अदलाबदल. चारही बैल पळणारे, असं घर विरळाच. मग दोन मालक एकत्र येतात. एका दिवशी चार बैल तुझ्या नावानं, दुसऱ्या दिवशी तेच चार माझ्या नावानं. गेनूबाबा धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात राहणारे. भाताची चार खाचरं, आणि एक जोडी बैल. आषाढात चिखलणी करणारी तीच जोडी चैत्रात घाटात पळायची. नानांच्या धिप्पाड खिलारांशेजारी ती बुटकी दिसायची, पण चढाला डोंगरातल्या बैलाला कुणी शिकवावं लागत नाही.

पहिल्या दिवशी गाडा गेनूबाबांच्या नावानं पळाला, पुढं खेडकडची एक घोडी. वेळ आली अकरा सेहेचाळीस. दिवसभर ती कुणाला तोडता आली नाही. दुसऱ्या दिवशी तेच चार बैल नानांच्या नावानं जुंपले, पुढं सोनालीची घोडी. म्हणजे बैल तेच, घाट तोच, फरक फक्त घोडीचा. वेळ कमी आली तर ते श्रेय निर्विवाद सोनालीचं. हे घाटातल्या प्रत्येकाला कळत होतं. मलाही कळत होतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

निशाण पडलं. बटण दाबलं. आणि त्या पोरीकडे बघून मी स्वतःला विसरले. घोडीच्या मानेवर वाकलेली, वेणी पाठीवर उडतेय, एकदाच मागं वळून तिनं बैलांचा अंदाज घेतला आणि घोडीला तेवढीच ढील दिली. कुणी शिकवलं होतं तिला हे? मी तर नाही. माझ्या मनात आलं, पळ गं बाई, पळ! आणि अंगठा दाबला गेला.

दाबला गेला त्याच क्षणी मला कळलं. रेघेवर घोडी होती. बैल अजून यायचे होते.

माझ्या शेजारी दुसरं घड्याळ खंडूगुरुजींकडे असायचं. देवमाणूस, पण कैक वर्षं त्यांची एकच पद्धत. आधी विचारायचे, "बाई, तुमचं किती?" मी सांगितलं, "अकरा शून्य नऊ." गुरुजींनी स्वतःच्या घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "माझंबी तेवढंच."

माईकवाल्यानं आकडा पुकारला आणि घाट फुटला. भंडारा असा उधळला की माणसं पिवळी झाली. सदूनाना नाचत होते. सोनाली घोडीवरून उडी मारून धावत वर आली, माझ्या पाया पडली. रडत होती. "बाई, आता कोन न्हाई म्हनतंय बगू!" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचा गाडा आला, त्याची वेळ घेतली. मग त्याच्या पुढचा, आणि तिसराही. तीन बाऱ्या होईस्तोवर मी गप्प उभी होते. मनाला समजावत होते. कुणाला कळणार आहे? एका पोरीचं भलं होतंय. गेनूबाबांचं काय, दोन बैल तर त्यांचेच आहेत. आयुष्यभर पोरांना खेळाडूवृत्तीवर भाषणं दिली मी. शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलं, हार-जीत महत्त्वाची नाही. साफ खोटं आहे ते. महत्त्वाची असते, म्हणून तर त्या तीन बाऱ्या माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्याची लाज मला आजही वाटते.

चौथा गाडा जुंपत असताना मी माईकवाल्याच्या हातून माईक घेतला. म्हटलं, "नानांच्या गाड्याची वेळ चुकीची आहे. मी बैलांवर नाही, घोडीवर घड्याळ दाबलं. खरी वेळ माझ्याकडे नाही. चूक माझी आहे."

मग सगळे एकदम तुटून पडले. नाना लालबुंद झाले. "बाई, तुमचं घड्याळ बिगाडलं आसंल, माझं बैल न्हाई!" बांधावरून कुणीतरी ओरडलं, "बाईमानूस घड्याळाला ठिवल्यावं आनखी काय व्हनार!" लोक हसले. ते हसू मी पचवलं असतं. पण सोनाली समोर आली. डोळे कोरडे झाले होते.

"बाई, तीन गाडं गेलं तवर तुमी काय करत व्हता?" ती हळू आवाजात म्हणाली. "तवाच बोलला असता तर मी नाचली तरी नसती. आन् आता ऐकलं ना, काय म्हनत्यात? तुमीबी नगं आन् मीबी नगं."

मी घड्याळ पिशवीत ठेवून दिलं.

गुरुजींकडेही खरा आकडा नव्हता, म्हणून कमिटीनं बाजूला जाऊन खल केला आणि निर्णय दिला. चूक घड्याळाची, गाड्याची नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या बाऱ्यांत नानांना पुन्हा बारी मिळेल. बैल तेच हवेत. तेच म्हणजे दोन नानांचे आणि दोन गेनूबाबांचे. सगळ्यांच्या माना गेनूबाबांकडे वळल्या. कारण आता पहिला नंबर त्यांचाच होता. त्यांनी फक्त "माझं बैल दमल्यात" एवढं म्हणायचं होतं. कुणी नाव ठेवलं नसतं. घाटावरचे जनावरांचे डॉक्टरसुद्धा होय म्हणाले असते. गेनूबाबांचा भाऊ त्यांचं धोतर ओढत होता, "दादा, म्हन ना, दमल्यात म्हन."

गेनूबाबांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सकाळी बैल हितं आसतील."

दिवस मावळायच्या आत मी त्यांच्या बैलांपाशी गेले. माफी मागायची होती. म्हातारा चाऱ्याची पेंढी सोडत होता. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नाही म्हणू शकला असता."

"व्हय की," ते म्हणाले. "पर बाई, पैरा म्हंजी पैरा. आमच्याकडं लावनीला आसंच आसतं. त्यानं माझं खाचर चिखललं आन् मी त्याचं अर्ध्यात सोडलं, तर फुडल्या साली माझ्या बांधावं कोन यील?" मग पेंढी बैलापुढं टाकून म्हणाले, "आन् खरं सांगू? मलाबी बगायचंय. ती पोर माझ्या बैलांना माझ्या बारीपरीस जोरात पळवती का. न्हाई पळवली तर मी राजा. पर न पळताच राजा, ह्ये म्हंजी न जेवताच ढेकर."

जिंकायची इतकी हौस, आणि ती इतकी स्वच्छ, मी तोवर पाहिली नव्हती. चार खाचरांचा धनी तो माणूस मला त्या वेळी फार मोठा वाटला.

सकाळी घाटावर पोचले तर अध्यक्षांनी दुसऱ्या गावचा एक घड्याळवाला आणलेला. योग्यच होतं. मी घड्याळ पिशवीतून काढलंच नाही. पण गेनूबाबा बैल सोडून वर आले.

"घड्याळ बाईच धरतील."

"आवो बाबा, काल येवढा राडा झाला..." अध्यक्ष म्हणाले.

"म्हनूनच. बाई चुकल्या तर सांगत्यात तरी. ह्यो पावना चुकला तर आपल्याला कळायचं बी न्हाई." मग ते नानांकडे वळले. "काय नाना?"

सदूनाना रात्रभर फुरफुरत होते म्हणे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि म्हणाले, "धरू द्या. पर बाई, आज डोळं बैलाव."

मी दोन्ही हातांनी घड्याळ धरलं. खाली सोनाली घोडीवर बसलेली दिसत होती, एवढीशी. तिनं सकाळपासून माझ्याकडे बघितलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, आज ती पोरगी मला दिसताच कामा नये. नाक. फक्त बैलांची नाकं.

निशाण पडलं.

त्या बारीचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी ती पाहिलीच नाही. घोडी रेघेवरून गेली ते मला फक्त टापांवरून कळलं. मला दिसली ती चार नाकपुड्या फुललेली पुढची जोडी, कडेचा तो डोंगरातला बुटका बैल मान खाली घालून चढाला गाडा ओढत होता. इतक्या जवळून, इतक्या एकाग्रतेनं मी कुठल्याच जिवाला धावताना पाहिलं नसेल. त्याला ना राजा कळत होता, ना मालकाचं नाव. काल जेवढा जीव लावला तेवढाच आज. रेघ आली, आणि मी बटण दाबलं.

आकडा बघितला. अकरा एक्कावन्न.

पाच पॉइंट. डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. पाच पॉइंटांनी सोनाली हरली होती. सगळा घाट माझ्या तोंडाकडे बघत होता. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"माझं अकरा पन्नास." खंडूगुरुजी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपला आकडा आधी सांगितला. कपाळावर घाम होता. "बाई, मी बी आज बैलावंच दाबलं."

"अकरा एक्कावन्न," मी म्हणाले. माईकवाल्यानं पुकारलं. राजा अजून गेनूबाबाच.

सोनाली घोडीवरून उतरून सरळ माझ्याकडे आली. मी म्हटलं, आता काय बोलायचं ते बोल बाई, ऐकून घेईन. ती समोर उभी राहिली. धापा टाकत होती.

"बाई, घोडीव का बैलाव?"

"बैलांवर."

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मग मान हलवली. "मंग हारलो," म्हणाली.

बस्स. एवढंच. ना रडली, ना भांडली. गेनूबाबांच्या हातातल्या ताटलीतून तिनं चिमूटभर भंडारा घेतला आणि चारही बैलांच्या कपाळाला लावला. आधी त्यांच्या, मग आपल्या घोडीच्या. म्हातारा त्याच भंडाऱ्याचं बोट तिच्या कपाळाला लावून म्हणाला, "पोरी, लई पळवलंस." सदूनाना तिथंच उभे होते. त्यांनी घोडीच्या मानेवर थाप मारली आणि आपले बैल सोडवायला गेले.

मी भिंतीवर रंगवलेल्या त्या सगळ्या ओळी मला आठवल्या आणि हसू आलं. मी मुलांना हरल्यावर हसायला शिकवलं होतं, हात मिळवायला शिकवलं होतं. आपली हार खरी आहे ना, एवढं विचारून ती घ्यायची, हे मला येतच नव्हतं. कुठून शिकवणार?

खाली पुढचा गाडा जुंपून तयार झाला. निशाणवाल्यानं हात वर केला आणि मला ते निशाण दिसेना. सगळं पिवळं, ओलं. मी दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबवा!"

"काय झालं बाई?" गुरुजी घाबरले.

"काही नाही हो," म्हटलं. "डोळे पुसू द्या. त्या बिचाऱ्याच्या बैलांनी काय पाप केलंय?"